गोळी तीच, नाव वेगळे!

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाला औषधे मिळण्याच्या वाटा अनेक. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा दवाखाना आहे, नाक्यावर औषधांची दुकाने आहेत, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ आहे आणि थोडे पुढे परळचे केईएम. सोय उत्तमच, पण घरातल्या मधुमेही आजोबांच्या डब्यात या सर्व वाटांनी आलेल्या पट्ट्या एकत्र जमू लागल्या, की घोटाळा सुरू होतो. सरकारी दवाखान्यात औषध बहुधा मूळ द्रव्याच्या नावाने मिळते; खासगी डॉक्टर कंपनीने ठेवलेले नाव लिहितात. आत ग्लिमेपिराइड एकच, पण एका पट्टीवर एक नाव आणि दुसरीवर दुसरे. दोन निराळी औषधे समजून दोन्ही घेतली गेली, तर मात्रा थेट दुप्पट होते.

मधुमेहाच्या सर्वच गोळ्यांत असा घोटाळा सारखाच घातक ठरतो असे नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या सल्फोनिलयुरिया वर्गातल्या. त्यांचा इतिहास बोलका आहे. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जाँबाँ टायफॉइडच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत होते. काही रुग्णांची रक्तशर्करा इतकी उतरली, की त्यांना झटके आले, शुद्ध हरपली. ऑग्युस्त लुबातिएर यांनी पुढे दाखवून दिले, की हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवायला भाग पाडते. म्हणजे मधुमेहावरील हा औषधवर्ग जन्मला तोच मुळी दुष्परिणामातून! रुग्ण जेवला आहे की उपाशी, याची ही गोळी फारशी पर्वा करीत नाही. संकष्टी, एकादशी, नवरात्र किंवा रमजानचा रोजा असताना नेहमीची मात्रा घेणे म्हणूनच धोक्याचे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. साबुदाण्याच्या खिचडीने साखर आधी चढते, हा आणखी एक गुंता.

मेटफॉर्मिनचे काम निराळे. ते यकृतातून होणारी साखरेची निर्मिती आवरते. एकटे घेतले असता साखर सहसा फार उतरत नाही. त्याच कुळातले फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साठवते, म्हणून त्यावर भारतात २००३ साली बंदी आली. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फारच कमी असला, तरी मूत्रपिंडे दुबळी झाली की तो वाढतो. त्यासाठी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन तपासलेले बरे. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करायचे असल्यास या गोळीची कल्पना तिथल्या डॉक्टरांना द्यावी. वर्षानुवर्षे ती घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी मंडळींत, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. पायांना मुंग्या आल्या की प्रत्येक वेळी दोष मधुमेहाचाच नसतो. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्या एकट्याने साखर क्वचितच फार खाली नेतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. जुलाब-उलट्या होत असताना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी त्या थांबवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांना विचारून.

आजकाल दोन-तीन द्रव्ये एकाच गोळीत कोंबलेली असतात, त्यामुळे नावे वाचणे अधिकच अवघड. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या जोडगोळीच्या नावापुढे ‘१’ किंवा ‘२’ असा जो आकडा असतो, तो बहुधा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. ‘एक’ संपली म्हणून दुकानदाराने ‘दोन’ दिली आणि घरी कोणी पाहिले नाही, तर तो फरक किरकोळ नसतो. मेटफॉर्मिनच्या पाकिटावर वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोकादायक असल्याची सूचना छापण्याचे बंधन आहे. ती बारीक अक्षरांत असते, एवढेच. जुनी पट्टी दाखवून महिनोन्‌महिने तेच औषध आणणाऱ्यांच्या ती नजरेस पडत नाही.

इतर औषधांचाही संबंध येतो. बुरशीवरील फ्लुकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके सल्फोनिलयुरियाचा प्रभाव वाढवू शकतात. रक्तदाबासाठी घेतलेले बीटा ब्लॉकर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकून टाकते. घाम मात्र येतो. वृद्ध माणूस घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला, तर उन्हाला किंवा वयाला दोष देण्याआधी ग्लुकोमीटर काढावे.

आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर तीन लहान चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर चालते, पण गोळीत व्होग्लिबोज असेल तर नाही. हे द्रव्य साखरेचे विघटनच लांबवते, त्यामुळे साखर खाऊनही आकडा लवकर चढत नाही, ग्लुकोजच हवे. आपल्याकडे व्होग्लिबोज असलेल्या तिहेरी गोळ्या मिळतात, हे लक्षात घेता ग्लुकोजचा डबा घरात असावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तिला ताबडतोब रुग्णालयात हलवावे. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ टिकत असल्यामुळे शुद्धीवर आल्यानंतर काही तासांनीही साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टर रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. निघताना घरातल्या सर्व पट्ट्या, अर्धवट वापरलेल्याही, पिशवीत घालून बरोबर न्याव्यात.