एल्फिन्स्टन : नाव एक, माणसे तीन

मुंबईच्या पश्चिम रेल्वेने रोज जाणे-येणे करणाऱ्या माणसाला 'एल्फिन्स्टन रोड' हे नाव ऐकताच, २०१८ साली त्या स्थानकावरची पाटी बदलून 'प्रभादेवी' झाली तरीही, शाळेच्या इतिहासात भेटलेला, पेशवाई बुडविणारा एल्फिन्स्टन आठवतो. आणि या एका आठवणीत चुलता-पुतण्यांची व त्यांच्या दोन निराळ्या काळांची बेमालूम सरमिसळ झालेली असते. स्थानकाला ज्याचे नाव होते तो लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० या काळातला मुंबईचा गव्हर्नर. खडकीच्या लढाईच्या वेळचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्याचा चुलता. काबूलच्या बाबतीत तर तिसऱ्याचीही भर पडते. १८४२ च्या जानेवारीत बर्फातून माघार घेताना इंग्रजांची सबंध फौज ज्याच्या हाताखाली नाश पावली, तो जनरल विल्यम एल्फिन्स्टन हा माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ होता. माउंटस्टुअर्टने स्वतः काबूल पाहिलेच नाही. १८०८ साली कंपनीचा वकील म्हणून तो निघाला खरा, परंतु शहा शुजाची आणि त्याची मुलाखत पेशावरास झाली, आणि तेथूनच माघारी फिरून त्याने १८१५ साली काबूलच्या राज्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला.

दुसरा समज अधिक रूढ आहे, आणि तो असा की, पेशवाई बुडाली तेव्हा हा साहेब मुंबईचा गव्हर्नर होता. वस्तुतः मुंबईची गादी त्या वेळी सर इव्हन नेपियन याच्याकडे होती, आणि एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्याच्या दरबारी रेसिडेंट होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता व त्या बंगल्यात त्याचा ग्रंथसंग्रह. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांची फौज चालून येऊ लागली, तेव्हा बंगला सोडून, नदी ओलांडून तो खडकीच्या पलटणींना जाऊन मिळाला, आणि इकडे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहात असता संगमावरच्या त्या बंगल्याला आग लागून पुस्तके व कागदपत्रे भस्मसात झाली. फौजफाटा आणि दरबारी कारस्थाने यांत आयुष्य घालवणाऱ्या, पण ग्रीक-लॅटिनपासून फारशीपर्यंत वाचनाचा हव्यास असलेल्या या मनुष्याला त्या दिवसाच्या विजयाची किंमत कशात मोजावीशी वाटली असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

पुणे १७ नोव्हेंबरला इंग्रजांच्या हाती गेले, फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा जाहीरनामा निघाला, आणि पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा मुखत्यार कमिशनर म्हणून एल्फिन्स्टनची नेमणूक झाली. हा अधिकार मुंबईच्या सरकारचा नव्हे, थेट कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचा. त्याची खरी राज्यकर्तेपणाची कामगिरी याच दीड-पावणेदोन वर्षांत झाली, असे माझे मत आहे; १ नोव्हेंबर १८१९ पासून पुढची आठ वर्षे तो मुंबईचा गव्हर्नर होता, परंतु पाया आधीच घातला गेला होता. पुण्यास रॉबर्टसन, अहमदनगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज व धारवाडकडे चॅप्लिन असे चार कलेक्टर त्याने नेमले. बाजीरावाच्या अमदानीत बोकाळलेली, मामलती मक्त्याने लिलावात देण्याची पद्धत बंद केली. आणि गावची पाटीलकी-कुलकर्ण, वतने, देवस्थानांची इनामे व पंचायती मात्र होत्या तशा चालू ठेवल्या. या सगळ्याची हकीकत ऑक्टोबर १८१९ मध्ये त्याने सरकारास पाठविलेल्या अहवालात आहे, आणि मराठी मुलखाची त्या काळची वहिवाट जाणून घ्यायची असेल, तर तो अहवाल आजही चाळावा लागतो.

यावरूनच तिसरा ग्रह निर्माण झाला, की साहेब मोठा दयाळू, रयतेचा कैवारी. वतने राखण्यामागे दया नव्हती असे मी म्हणणार नाही. पण तिच्याहून मोठा होता तो हिशेब. ज्यांची वतने एका फटक्यात जप्त होतील ते सरदार व भिक्षुक उद्या तलवार किंवा कारस्थान हाती घेतील, हे बारा-पंधरा वर्षे दक्षिणेत काढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको होते. आणि असे कारस्थान पुण्यात खरोखरच उघडकीस आले, तेव्हा त्याच दयाळू साहेबाने मुख्य आरोपींना तोफेच्या तोंडी दिले; या कृत्याबद्दल कायदेशीर माफीचा ठराव करून घ्यावा, असे नेपियनने सुचविले असता तेही त्याने नाकारले. श्रावणमासातली दक्षिणा एकदम बंद न करता तिच्यातला भाग विद्येकडे वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढणारा तोच, आणि तोफेला बत्ती लावण्याचा हुकूम देणाराही तोच.

मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज त्याने काढले, असेही सर्रास लिहिले जाते. शिक्षणाबद्दल त्याची कळकळ निर्विवाद आहे. परंतु कॉलेज त्याने काढले नाही. १८२७ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याचे स्मारक म्हणून मुंबईच्या नागरिकांनी, त्यांत देशी मंडळींनी फार मोठ्या प्रमाणात, दोन लाखांवर रुपयांची वर्गणी जमवून इंग्रजी विद्येच्या अध्यापकांच्या वेतनाची सोय केली, आणि त्या निधीतून ते विद्यालय पुढे उभे राहिले. बाळशास्त्री जांभेकर तेथे अध्यापक झाले, तेव्हा साहेब कधीच विलायतेस गेला होता. पैसा या शहराचा, नाव मात्र त्याचे!

गव्हर्नर जनरलचे पद त्याला दोनदा देऊ केले गेले, ते त्याने दोन्ही वेळा स्वीकारले नाही. हिंदुस्थानचा इतिहास लिहून १८४१ साली प्रसिद्ध केला, आणि पुन्हा या देशात पाऊल ठेवले नाही. २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडातील सरे परगण्यात तो अविवाहितच वारला, त्या दिवशी मुंबईच्या गव्हर्नराच्या खुर्चीवर एल्फिन्स्टनच बसलेला होता. तो म्हणजे स्थानकाच्या नावाचा धनी, त्याचा पुतण्या.