खून आणि शेजार

रात्रीचीं जेवणें आटोपलीं आहेत, दारें लावून घेतलीं आहेत, आणि घरांतील सर्व मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसून एका खुनाची हकीकत मोठ्या आवडीनें पाहत आहेत. मुंगी मारणेंही ज्यांच्या जिवावर येतें अशा सज्जनांना खुनाच्या गोष्टींत एवढी गोडी कां वाटावी, हा प्रश्न टीकाकारांनीं पुष्कळ वेळां विचारला आहे. कोणी म्हणतात, हा कोडें सोडविण्याचा आनंद. कोणी म्हणतात, दुष्टाला शासन झाल्याचें समाधान. दोन्ही उत्तरें खरीं आहेत, परंतु अपुरीं आहेत. अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पलविषयींच्या बाराही कादंबऱ्यांवरून बी. बी. सी. नें दूरचित्रवाणीसाठीं तयार केलेले बारा चित्रपट १९८४ ते १९९२ या काळांत दाखविले गेले. ते लक्षपूर्वक पाहिले असतां तिसरें एक उत्तर हातीं लागतें.

मार्पलबाई या सेंट मेरी मीड नांवाच्या कल्पित इंग्रज खेड्यांतील एक अविवाहित वृद्धा. हातांत लोकरीचें विणकाम, मनांत बागेची काळजी. त्यांच्याजवळ ना सरकारी अधिकार, ना पिस्तूल. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयांवर पोसलेल्या मराठी वाचकाला येथें धाडसाचा मागमूसही दिसणार नाहीं. बाईंचें भांडवल एकच: सारें आयुष्य एका गांवांत काढून त्यांनीं माणसांचे स्वभाव निरखलेले आहेत. एखादा प्रतिष्ठित गृहस्थ खोटें बोलूं लागला कीं त्यांना गांवांतील कोण्या दुकानांतल्या पोऱ्याची आठवण होते, आणि ती आठवण पोलिसांच्या पंचनाम्याहून अधिक उपयोगी पडते. पडद्याआडून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहण्याला एरवीं नसती उठाठेव म्हणतात. येथें तिचेंच शास्त्र झालें आहे.

पहिला चित्रपट 'द बॉडी इन द लायब्ररी'. मूळ कादंबरी १९४२ ची. कर्नल बँट्री यांच्या वाड्यांत सकाळींच गडबड उडते: ग्रंथांच्या खोलींत एका अनोळखी तरुण मुलीचें प्रेत पडलें आहे! कर्नलसाहेबांच्या पत्नी डॉली ताबडतोब मार्पलबाईंना बोलावून घेतात. डॉलीबाईंना आरंभीं या प्रकाराची थोडी मौजच वाटत असते. मार्पलबाईंना मात्र पुढचें दिसतें. खुनी सांपडला नाहीं तर काय होईल? पुरावा नसल्यामुळें कर्नलना कोणी पकडणार नाहीं. परंतु पुरावा नसल्यामुळेंच ते निर्दोषही ठरणार नाहींत. गांवांत कुजबूज सुरू होईल. मेजवान्यांचीं आमंत्रणें हळूहळू बंद होतील, कोणी रस्ता बदलील, कोणी नमस्कार घेतां घेतां दुसरीकडे पाहील; आणि तो सरळ मनाचा म्हातारा लष्करी गृहस्थ कोणाला कांहींएक न विचारतां आंतल्या आंत खचत जाईल.

तिसरें उत्तर तें हेंच. खुनी कोण हें कळणें म्हणजे बाकीचे सर्वजण खुनी नाहींत हें कळणें. न सुटलेल्या खुनाची शिक्षा निरपराध शेजाऱ्यांना भोगावी लागते, आणि त्या शिक्षेंतून त्यांना सोडविणें हें मार्पलबाईंचें खरें काम आहे. पाहणाऱ्याला शेवटीं जो सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटतो, तो गुन्हेगाराला बेड्या पडल्या म्हणून नव्हे. कर्नलसाहेब आतां पुन्हां ताठ मानेनें फिरतील म्हणून.

या उलगड्याची रीतही मोठी घरगुती असते. त्या प्रेताचीं नखें कुरतडलेलीं होतीं आणि अंगावरचा झगा जुना होता. दोन्ही गोष्टी पोलिसांच्याही डोळ्यांसमोर होत्या. परंतु मुली कशा नटतात हें मार्पलबाईंनीं पाहिलेलें होतें, इन्स्पेक्टर स्लॅक यांनीं नव्हतें. (याहून अधिक सांगणें म्हणजे श्रोत्यांच्या तोंडचा घास काढून घेणें होईल.)

शेजारावरील विश्वासाचा प्रश्न 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्यें अधिक टोकाला गेला आहे. एका गांवच्या वर्तमानपत्रांत जाहिरात येते कीं, शुक्रवार, २९ ऑक्टोबर रोजीं सायंकाळीं साडेसहा वाजतां 'लिटल पॅडॉक्स' या घरीं खून होणार आहे, स्नेह्यांनीं हीच सूचना समजावी. आणि सारीं शेजारीपाजारी मंडळी कांहींतरी निमित्त काढून खरोखरच येऊन बसतात! ठरल्या वेळीं दिवे जातात, दार उघडतें, बंदुकीचे आवाज होतात. ही कादंबरी १९५० ची, महायुद्धाच्या धक्क्यांतून नुकत्याच सांवरूं लागलेल्या इंग्लंडांतील. पूर्वी गांवांत नवें बिऱ्हाड आलें तर कोणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन येई. आतां शिधापत्रिका आणि ओळखपत्र जवळ असलें कीं पुरे. भिंतीपलीकडचा मनुष्य खरोखर तोच आहे कशावरून? शहरांत बिऱ्हाड केलेल्या कोणालाही हा प्रश्न परका वाटणार नाहीं.

अशा कथांवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो कीं, यांतील मरण कोणाला लागत नाहीं. प्रेत म्हणजे केवळ कोड्यांतील एक सोंगटी. आक्षेप बराचसा खरा आहे. एवढ्याशा टापूंत इतके खून पडूनही लोक नित्याप्रमाणें चहा पीत राहतात, हें तर हंसण्यासारखेंच आहे. परंतु 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्यें ग्लॅडिस नांवाची एक भोळी मोलकरीण मारली जाते. अनाथालयांतून आलेल्या या मुलीला मार्पलबाईंनींच घरकाम शिकविलें होतें. मारणाऱ्यानें तिच्या नाकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावून ठेवलेला असतो. ती क्रूर थट्टा ऐकून बाई आपण होऊन त्या धनिकाच्या घरीं येऊन दाखल होतात. मृत्यूपेक्षांही त्या चिमट्याचा त्यांना आलेला संताप पाहिला म्हणजे हा नुसता सोंगट्यांचा खेळ आहे असें म्हणवत नाहीं.

हा संताप दाखविणें सोपें नव्हतें, आणि येथें जोन हिक्सन यांचें श्रेय मोठें आहे. १९६१ ते १९६४ च्या चार चित्रपटांत मार्गारेट रदरफर्ड यांनीं मार्पलबाईंची भूमिका केली. ती धमाल विनोदी होती, पण मार्पलबाईंची नव्हती. गंमत अशी कीं, त्यांतील पहिल्याच चित्रपटांत हिक्सनबाई एका किरकोळ भूमिकेंत दिसतात. त्याच्याही पूर्वीं, १९४० नंतरच्या दशकांत, ख्रिस्ती यांनीं त्यांना आपल्या एका नाटकांत पाहून कळविलें होतें कीं, पुढें केव्हां तरी त्यांनीं मार्पलबाई व्हावें. ख्रिस्ती १९७६ सालीं वारल्या. हिक्सनबाईंना ती भूमिका मिळाली तेव्हां त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आवाज चढवायचा नाहीं, हातवारे करायचे नाहींत. फक्त समोरचा बोलत असतां निळे डोळे क्षणभर त्याच्यावर स्थिर करायचे. हॅम्पशायर परगण्यांतील नेदर वॉलप हें खरेंखुरें खेडें सेंट मेरी मीड म्हणून दाखविलें आहे, आणि त्याच्या गल्ल्यांतून त्या टोपली घेऊन चालल्या म्हणजे त्या तेथेंच जन्मल्या असाव्यात असें वाटतें.

ज्यांना एकच चित्रपट पाहण्याइतकी सवड असेल त्यांनीं १९८७ चा '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' पाहावा. मॅकगिलिकडी नांवाच्या एक बाई आगगाडीनें मार्पलबाईंकडे येत असतात. शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या खिडकींत त्यांना दिसतें कीं, एक पुरुष एका स्त्रीचा गळा दाबीत आहे. क्षणांत ती गाडी पुढें निघून जाते. शोध होतो, प्रेत कोठेंच मिळत नाहीं. म्हातारीला डुलकी लागून स्वप्न पडलें असावें, असें सर्वांचें ठरतें. मार्पलबाई मात्र आपल्या मैत्रिणीला पुरत्या ओळखतात; तिच्या अंगीं कल्पनाशक्ति नांवालाही नाहीं, हें त्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिनें पाहिलें म्हणजे तें घडलेंच. त्या नकाशा पुढें घेतात, वेळापत्रक चाळतात, आणि प्रेत गाडींतून कोठें टाकलें असेल हें पाहण्यासाठीं स्वतःच गाडींत जाऊन बसतात.