गगनबावड्याचा पाऊस कोणाच्या वहीत?

गगनबावड्यात पावसाने जोर धरला की शिरोळपर्यंतची माणसं सावध होतात. तिथल्या पावसाने कुंभी फुगते. तिला कासारी, तुळशी, भोगावती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीत ती कृष्णेला भेटते.

हा पाऊस मोजणारे पुष्कळ आहेत. महसूल मंडळातला पाऊस ‘महावेध’च्या हवामान केंद्रावर, धरण क्षेत्रातला जलसंपदा विभागाकडे, अंदाज हवामान खात्याचा, पुराचा इशारा केंद्रीय जल आयोगाचा. पाऊस मिलिमीटरमध्ये, साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी फूट-इंचात (इशारा ३९ फूट, धोका ४३), तर कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची मीटरमध्ये. नदी एक, पण तिचा हिशेब अनेक दप्तरांत. तो जुळवण्याची जबाबदारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणावर टाकली आहे.

जुळवणी किती तातडीची, ते राधानगरीत दिसतं. धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. एका दरवाजातून सुमारे १,४०० क्युसेक पाणी भोगावतीत येतं. त्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. खालच्या गावाला निरोप मात्र माणसानेच द्यायचा, आणि त्याच वेळी कुंभीचं पाणी किती येतंय हे त्याच्यासमोर नसेल तर निरोप अर्धाच राहतो.

घाटाची गोष्टही तशीच. गगनबावड्याहून करूळ घाट उतरला की सिंधुदुर्ग, म्हणजे दुसरा जिल्हा आणि दुसरा महसूल विभाग. गगनबावडा-कोल्हापूर रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं तर वैभववाडीतून निघणाऱ्या एसटी चालकाला ते घाट चढण्याआधीच कळायला हवं.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराची कारणं तपासली. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या मंत्र्यांनी बेंगळुरूत बसून धरणांच्या विसर्गाची माहिती वेळेवर देण्याघेण्याचं ठरवलं. ते आवश्यकच होतं. पण दोन राज्यांइतकीच दोन खात्यांमधली देवाणघेवाण महत्त्वाची आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते.

माझं मागणं एवढंच: पावसाळ्यात कुंभी, राधानगरी, तुळशी, कासारीचा विसर्ग, गगनबावड्याचा पाऊस आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला एकाच तक्त्यात यावी, आणि तो तक्ता नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव तुम्हीच मांडा.