गाडीच्या गाण्यात इंजिन कसं शिरतं?

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गला मॉयल कंपनीची उघडी खाण आहे. तिथून निघणारं मँगनीज डायऑक्साइड कोरडे सेल बनवणाऱ्यांकडे जातं. अशा सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर कानाशी धरला, तर स्टेशनची खरखर ऐकू येईल, गाणं ऐकू येईल, पण सेलचा म्हणून काही आवाज येणार नाही. सेलमधली वीज सपाट असते.

तीच गाणी गाडीत लावा. डिकीत नवा अ‍ॅम्प आणि बूफर बसवलाय, भंडाऱ्याहून लाखनीकडे निघालोय, आणि गाण्याच्या मागे एक बारीक ‘कुंईऽऽ’ सुरू आहे. रेस दिली की ती शिट्टी वर चढते, पाय काढला की खाली उतरते. गाणं बंद केलं तरी ती असतेच. स्पीकरमधून तुम्ही चक्क इंजिनाचा वेग ऐकत असता!

ही शिट्टी जन्मते अल्टरनेटरमध्ये. आपले मेकॅनिक अजूनही त्याला डायनामोच म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि उलटसुलट वाहणारी तीन फेजची वीज तयार करतो. आतले डायोड तिला एका दिशेला लावतात, पण त्यानंतरही तिच्यावर बारीक उंचवटे उरतात. बॅटरी त्यातले बरेचसे गिळते, सगळे नाही. जरा हिशेब मांडू. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतंय आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट, म्हणजे २,००० फेरे घेतोय असं धरा. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये १२ चुंबकीय ध्रुव असतात. म्हणजे एका फेऱ्यात विजेची ६ आवर्तनं, आणि तीन फेजमुळे प्रत्येक आवर्तनात ६ उंचवटे. सेकंदाला झाले १,२००. इंजिन २,००० फेऱ्यांवर नेलं की हाच आकडा ३,००० होतो.

या ३,००० पाशी मला दर वेळी थांबावंसं वाटतं. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि केवळ त्या लांबीमुळे ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिच्यात आपोआप मोठा होतो. आपला कान जिथे सगळ्यात तिखट, गाडीची शिट्टी नेमकी तिथेच येऊन बसते. अल्टरनेटर बनवणाऱ्याने कानाचा विचार केलेला नाही आणि कान घडला तेव्हा अल्टरनेटर नव्हता. तरी गाठ पडली ती अशी.

पण अल्टरनेटरमधली ही लहर गाण्यात येते कुठून? बहुतेक वेळा अर्थमधून. घराचं अर्थिंग करताना खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून प्लेट पुरतात. गाडी तर चार रबरी टायरवर उभी. तिचा जमिनीशी संबंध नाही. तिथे जमिनीचं काम गाडीचा पत्रा करतो. प्रत्येक दिव्याला, मोटरला एकच तार जाते आणि वीज परतते ती बॉडीतून. हेडलाइट, पंखा, वायपर, सगळ्यांची परतवाट एकच. पत्रा जाड आणि रुंद, त्यामुळे तो सहसा आड येत नाही. आड येतात ते जोड. स्क्रूखाली रंग राहिला, पावसाळ्यात गंज चढला, की तिथे अडथळा तयार होतो. तो ओहमचा फक्त शंभरावा भाग असला तरी २० अँपिअर वाहताना त्याच्या दोन टोकांत ०.२ व्होल्टचा फरक पडतो.

धानाच्या दोन शेजारच्या बांध्या लांबून एका पातळीत दिसतात. धुऱ्याला भोक पडलं की कळतं, पाणी कुणीकडे उतरतंय. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पचा डिकीत, आणि दोघांच्या पातळीत असाच न दिसणारा फरक. भोक पाडते ती स्टिरिओतून अ‍ॅम्पकडे गाणं नेणारी आरसीए वायर. तिच्यावरचं जाळीचं आवरण या दोन्ही अर्थना जोडतं आणि फरकाची वीज त्यातून वाहू लागते. अ‍ॅम्प आवरणालाच शून्य मानून मधल्या तारेतलं गाणं मोजत असतो. शून्यच हललं, की ती हालचालही त्याच्या लेखी गाणं! मग तो ती इमानाने मोठी करतो. दोन व्होल्टच्या सिग्नलमध्ये एक मिलिव्होल्टची लहर म्हणजे दोन हजारावा भाग, पण हळुवार गाण्यात तीही कानाला सापडू शकते.

म्हणून महागडा फिल्टर आणण्याआधी पाना आणि पॉलिश पेपर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आधी आरसीएच्या पिना अ‍ॅम्पमधून काढून बघा. शिट्टी थांबली तर ती त्या वायरीतूनच येत होती. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून अ‍ॅम्पचा अर्थ उघडा. खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, तारेला थिंबल दाबून बसवा, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा, म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. तार पॉझिटिव्हइतकीच जाड, आणि जमेल तेवढी आखूड. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका. तो जीव सांभाळायला आहे. एवढ्याने भागलं नाही तर स्टिरिओचा अर्थही त्याच बोल्टवर आणा. दोघांचा शून्य एकाच ठिकाणी आला की फरक उरायला जागाच राहत नाही. आरसीए एका बाजूने आणि बॅटरीची केबल दुसऱ्या बाजूने न्यावी, हेही त्याच खेपेत उरकून घ्यावं.

बॅटरी, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी मूळ पट्टीही बघा. जुन्या गाडीत ती काळवंडलेली निघते. ती बदलली तर शिट्टीबरोबर बूफरच्या ठोक्याला हेडलाइट मंदावणंही कमी होऊ शकतं.

अ‍ॅम्प नसलेल्या गाडीतही हा प्रकार बघता येतो. फोन गाडीच्या चार्जरला लावा आणि त्याच वेळी ऑक्सच्या तारेने गाणी वाजवा. अनेक गाड्यांत शिट्टी येते, कारण चार्जरचा अर्थ आणि ऑक्सचा अर्थ फोनमध्ये येऊन भेटतात. चार्जर उपसला की ती थांबते. आणि तीच गाणी ब्लूटूथवर लावली तर चार्जर तसाच ठेवूनही ती येत नाही. फोन आणि स्टिरिओमध्ये तारच नाही, तर फरकाची वीज वाहणार कशातून?