जठर गेले, तरी हिशेब उरतो

कर्करोगामुळे संपूर्ण जठर काढले की अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. १८९७ साली झुरिचमध्ये कार्ल श्लॅटर यांनी हे यशस्वी करून दाखवले, तेव्हाच जठराविना माणूस जगतो हे सिद्ध झाले. मात्र साठवणीची कोठी गेलेली असते. ग्लासभर गोड सरबत एका दमात प्यायले, तर साखर झपाट्याने आतड्यात उतरते, शरीरातले पाणी तिकडे ओढून घेते, आणि थोड्याच वेळात घाम, धडधड, चक्कर सुरू होते. म्हणून थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा खायचे आणि पाणी जेवणाबरोबर न पिता मागाहून प्यायचे. हे बहुतेक रुग्ण लवकर शिकतात, कारण चूक लगेच जाणवते.

खरा धोका न जाणवणारा आहे. ब-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारे एक प्रथिन जठराच्या अस्तरातच बनते. ‘मी दूध, अंडी, मासे सगळे खातो, मग इंजेक्शन कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण ते प्रथिनच नसेल तर ताटातले ब-१२ जवळजवळ वाया जाते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सुरुवातीला तब्येत ठणठणीत भासते. साठा संपल्यावर रक्तक्षय होतो, पायांना मुंग्या येतात, आणि मज्जातंतूंची हानी कधीकधी भरून येत नाही. गोळ्या चालतील का? चालू शकतात, पण भरपूर मात्रेच्या. १००० मायक्रोग्रॅममधला जेमतेम एक टक्का त्या प्रथिनाशिवाय शोषला जातो. इंजेक्शन असो वा गोळी, ती आयुष्यभर घ्यावी लागते.