सुटकेच्या कागदावर सही कोणाची?
(शिक्षा आणि सुटका : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण फर्लो आणि पॅरोल यांतला फरक पाहिला. तो कळल्यावर पुढचा प्रश्न आपसूकच येतो. ज्याला सोडायला नको होतं त्याला कोणी सोडलं, तर सोडणाऱ्याला जाब कोण विचारणार?

पुण्याचं प्रकरण सगळ्यांच्या लक्षात आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. काही तासांतच बालन्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक खवळले आणि ते रास्तच होतं. पण पुढे काय घडलं, ते फार कमी जणांनी नीट वाचलं. तीन दिवसांनी मंडळाने त्याच मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ही रवानगी बेकायदा ठरवली आणि त्याला सोडायला सांगितलं. जामीन कायम असताना मुलाला अडकवून ठेवलं, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने चौकशीअंती मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून दूर केलं.

म्हणजे एकाच प्रकरणात जबाबदारीच्या दोन तऱ्हा दिसल्या. सदस्यांच्या वागणुकीची रीतसर चौकशी होऊन कारवाई झाली, हे योग्य झालं. पण लोकक्षोभाला शरण जाऊन आधीचा सौम्य आदेश कठोर आदेशाने झाकायचा, ही दुसरी तऱ्हा मला घातक वाटते. उद्या ज्याच्यामागे ना पैसा ना वकील, अशा एखाद्या पोराला जामीन देताना त्या खुर्चीतल्या माणसाचा हात थरथरेल.

न्यायाधीशांबाबत कायदा याच भीतीपोटी सावध आहे. निकाल चुकला एवढ्यावरून न्यायाधीशाला शिक्षा होत नाही. वरचं न्यायालय निकाल फिरवतं आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. बिहारमधल्या एका न्यायाधीशाने दिलेल्या जामिनावरून त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. लाच किंवा बाहेरचा दबाव असं काही दिसत नसेल, तर नुसत्या चुकीच्या आदेशावरून न्यायाधीशाच्या मागे लागू नये, असा त्या निकालाचा रोख होता. तरीही सगळेच सुखरूप सुटतात असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी कपड्यांवरून केलेला स्पर्श बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचार ठरत नाही, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. दरम्यान त्या न्यायमूर्तींना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने मागे घेतली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला. निकाल खुल्या न्यायालयात, नावानिशी आणि कारणांसह दिला होता, म्हणून एवढं तरी होऊ शकलं.

शिक्षामाफीचं तसं नाही. आपल्याकडे परदेशातल्यासारखं स्वतंत्र पॅरोल मंडळ नाही. जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडायचं की नाही, ते राज्य सरकार ठरवतं आणि आधी तुरुंग सल्लागार समितीचं मत घेतं. कारागृह अधीक्षक, पोलीस, जिल्हाधिकारी अशी मंडळी बंद खोलीत बसतात. काही राज्यांत आमदारही असतात.

गोध्र्यात २०२२ मध्ये असंच झालं. २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानो पाच महिन्यांच्या गरोदर असताना त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीसह कुटुंबातल्या अनेकांना मारून टाकलं. गुजरातेत न्याय मिळणार नाही, अशी साधार भीती असल्याने सर्वोच्च न्यायालयाने खटला मुंबईला हलवला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष सीबीआय न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली, ती २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली. या अकरांना सोडू नये, असं मत सीबीआयनेही दिलं होतं आणि मुंबईच्या विशेष न्यायाधीशांनीही. गोध्र्याच्या समितीने मात्र एकमताने सुटकेची शिफारस केली. समितीत सत्ताधारी पक्षाचे आमदार होते. १५ ऑगस्ट २०२२ ला अकराही जण बाहेर आले, त्यांना हार घातले गेले, पेढे भरवले गेले. निर्णयाआधी आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही, असं बिल्किस यांनी नंतर सांगितलं.

८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्ज्वल भुयाँ यांनी ही माफी रद्द केली. ज्या राज्यात शिक्षा सुनावली, त्या राज्याच्या सरकारलाच माफीचा अधिकार आहे, असं कायदा सांगतो. म्हणजे इथे निर्णय महाराष्ट्राने घ्यायचा होता. गुजरातने तो अधिकार बळकावला, असं न्यायालयाने म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच मे २०२२ च्या ज्या आदेशावर गुजरात विसंबलं होतं, तोही महत्त्वाच्या गोष्टी लपवून मिळवलेला असल्याचं नोंदवलं. दोन आठवड्यांत दोषी तुरुंगात परतले.

समितीत बसलेल्यांपैकी मात्र कोणाला खुलासा द्यावा लागला नाही. मला खटकतं ते हे. सौम्य निर्णय घेणं गुन्हा नाही. चौदा वर्षं काढलेले, म्हातारे झालेले, घरी कोणी वाट पाहत नसलेले कैदी तुरुंगात आहेत, आणि त्यांच्या सुटकेवर सही करण्याचं धाडस कोणीतरी करायलाच हवं. पण सही करणाऱ्याने आपलं नाव आणि कारण लोकांसमोर ठेवलं पाहिजे. न्यायाधीशांचं प्रतिकूल मत बाजूला सारलं असेल, तर का सारलं, हेही लिहिलं पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षामाफीच्या आदेशात थोडक्यात कारणं द्यावीत आणि ती कैद्याला कळवावीत, असं सांगितलं. हे चांगलं पाऊल आहे. ज्या घरावर तो गुन्हा झाला, त्या घरालाही तोच कागद मिळाला पाहिजे, तोही कैदी बाहेर पडण्याच्या आधी, म्हणजे न्यायालयात जायला त्यांच्या हाती वेळ राहील. बिल्किस यांना तो वेळ मिळाला नाही. त्यांना न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागला तो अकरा जण घरी पोहोचल्यानंतर, आणि ती माफी रद्द होईपर्यंत जवळपास सतरा महिने चालली.

(पुढील लेखांकात : राज्यपाल आणि राष्ट्रपती यांचा दयेचा अधिकार)