कॉर्डलेस हत्यारांच्या कार्यक्षमतेवर थंडीचा परिणाम : वऱ्हाडातील हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना :
सुतार, फिटर, वीजतंत्री आणि शेतकरी यांच्या हाती आज बॅटरीवर चालणारी अनेक हत्यारे आली आहेत. वायरविना चालणारे ड्रिल १९६१ मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीने बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियम बॅटरी होती. लिथियम-आयन बॅटरीचे व्यापारी उत्पादन १९९१ मध्ये सुरू झाले आणि पुढे हलकी, अधिक ऊर्जा साठविणारी ही बॅटरी हत्यारांतही रूढ झाली. अमरावती व अकोला जिल्ह्यांत ड्रिलबरोबरच पाठीवरचा बॅटरी फवारणी पंपही परिचित आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र ही साधने सकाळी लवकर दम तोडतात, आणि बॅटरी निकामी झाली असे समजून नव्या बॅटरीचा खर्च केला जातो. हा समज कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थंडीत बॅटरीत काय घडते ?
लिथियम-आयन बॅटरी वीज पुरविते तेव्हा लिथियमचे आयन ग्राफाइटच्या ऋणाग्राकडून इलेक्ट्रोलाइट या द्रावणातून धनाग्राकडे जातात. तापमान उतरले की द्रावण घट्ट होते, आयनांची गती मंदावते आणि अग्रांवरील रासायनिक क्रियाही संथ होते. याचा एकत्रित परिणाम म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो.

हा रोध हत्याराला कसा नडतो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. १८ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे ३.६ व्होल्टचे पाच घट एकसर जोडणीत असतात. सागवानात जाड स्क्रू बसविताना ड्रिलने २० अँपिअर प्रवाह घेतला आणि अंतर्गत रोध ०.१ ओहम असला, तर २ व्होल्ट बॅटरीतच खर्ची पडतात. रोध ०.२ ओहम झाला तर ४ व्होल्ट जातात आणि मोटारीला १४ व्होल्टच मिळतात. व्होल्टेज ठराविक मर्यादेखाली गेल्यास संरक्षक परिपथ पुरवठा तोडतो. म्हणजे बॅटरीत ऊर्जा शिल्लक असूनही हत्यार थांबते. त्यातच थंडीने गिअरमधील ग्रीस घट्ट होऊन मोटारीवरील भार वाढतो. बॅटरी ऊबदार होताच ही घट बव्हंशी भरून निघते. तिचे स्वरूप तात्पुरते असते.

चार्जिंगची गोष्ट निराळी आहे. शून्य अंशाखाली चार्जिंग केल्यास लिथियम ग्राफाइटमध्ये न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचते. ही हानी कायमची असते.

वऱ्हाडातील स्थिती :
अकोला व अमरावती येथे हिवाळ्यात किमान तापमान कधी कधी १० अंश सेल्सिअसखाली जाते. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यात गारठा अधिक असतो. तरीही हिमप्रदेशांतील थंडीशी याची तुलना होऊ शकत नाही. एवढ्या थंडीत सुस्थितीतील बॅटरीची शक्ती थोडीच घटते. मग येथील बॅटरी हिवाळ्यात का हरते ?

याचे उत्तर बहुधा उन्हाळ्यात सापडते. अकोल्याचे तापमान मे महिन्यात ४५ अंशांच्याही पुढे जाते. टिनाच्या शेडमध्ये किंवा उभ्या वाहनात ते आणखी वाढते. उष्णतेने बॅटरीतील अनिष्ट रासायनिक क्रिया वेगावतात, ऋणाग्रावरील थर जाड होतो आणि अंतर्गत रोध कायमचा वाढतो. पूर्ण चार्ज केलेली लिथियम बॅटरी उष्ण जागी ठेवल्यास ही झीज अधिक होते. उन्हाळ्यात वाढलेल्या रोधात थंडीतील रोधाची भर पडली की बॅटरी मर्यादा ओलांडते. थोडक्यात, वऱ्हाडातील थंडी बॅटरी बिघडवीत नाही. ती उन्हाळ्याने केलेला बिघाड उघड करते.

फवारणी पंपाची बॅटरी :
अनेक पंपांत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी हिवाळ्यात फवारणी करताना तिची क्षमताही गारठ्याने काहीशी घटते. परंतु तिचा खरा घात हंगामानंतर होतो. पंप उतरलेल्या बॅटरीसह शेडमध्ये तसाच पडून राहिला, की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि पावसाळ्यात बॅटरी चार्ज धरीत नाही.

उपाययोजना :
१) थंडीच्या रात्री बॅटरी घरात ठेवावी, कामाच्या आरंभी हत्यार काही क्षण भाराविना चालवावे.
२) गारठलेली किंवा तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. तिला चुलीजवळ अथवा उन्हात तापवू नये.
३) दीर्घकाळ ठेवायची लिथियम बॅटरी सुमारे अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी.
४) लेड-ॲसिड बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करून ठेवावी व अधूनमधून पुन्हा चार्ज करावी.
५) थंड सकाळी कमी पडलेली बॅटरी टाकून देण्यापूर्वी दुपारच्या उबेत तपासावी. ती दुपारी नीट चालल्यास दोष मुख्यतः थंडीचा. दुपारीही लवकर उतरल्यास ती झिजली असे समजावे.

निष्कर्ष :
थंडीने बॅटरीची शक्ती काही काळ अडते, तर उष्णतेने तिचे आयुष्यच घटते. हिवाळ्यात हत्याराने साथ द्यावी असे वाटत असल्यास बॅटरीची काळजी मे महिन्यातच घेणे आवश्यक ठरते. हातावर पोट असणाऱ्या कारागिराला व शेतकऱ्याला यामुळे अनावश्यक खर्च टाळता येईल.